कारणनिहाय मृत्युदराचा अंदाज: बेरीज का जुळत नाही, आणि कोणती पद्धत कुठे वापरावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४० वर्षांची आकडेवारी हाताशी आहे आणि मृत्यूची कारणे सहा गटांत बसवली आहेत: रक्ताभिसरण, कर्करोग, श्वसनसंस्था, संसर्ग, अपघात व हिंसा, आणि उरलेली सगळी. प्रत्येक गटाला ली-कार्टर मॉडेल (मृत्युदराचा मागचा कल पुढे नेणारी सांख्यिकी पद्धत) स्वतंत्रपणे लावले, ३० वर्षे पुढचा अंदाज काढला आणि सहाही अंदाजांची बेरीज केली. मग तेच मॉडेल थेट एकूण मृत्युदराला लावले. दोन उत्तरांत इतकी तफावत आली की वरिष्ठांपुढे कोणते ठेवावे ते कळेना. बेरीज खरी मानावी, थेट अंदाज खरा मानावा, की पद्धतच बदलावी?

ही तफावत तुमच्या प्रोग्राममधल्या चुकीमुळे आलेली नाही, हे आधी सांगतो. प्रोग्राम बिनचूक असला तरी ती येणारच. बरीच वर्षे हे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, कारणनिहाय अंदाजाच्या पद्धती तोलताना ‘कोणाची चूक कमी’ हा प्रश्न नंतर येतो. त्याआधी विचारावे की, भागांची बेरीज आणि एकूण आकडा यांचा मेळ ही पद्धत कशी घालते, आणि तो घालताना कोणत्या कारणाच्या कलाला कात्री लावते. कात्री कुठेतरी लागतेच. ती कुठे लागली हे माहीत नसताना अंदाज पुढे केला, तर त्या आकड्यावर कोणी तरी खाटा, औषधे किंवा निवृत्तिवेतनाचा निधी ठरवतो आणि वर्षानुवर्षे निस्तरत बसतो.

आकडे घेऊन पाहू. समजा कारणे दोनच आहेत, क आणि ख. आज दोन्हींचा मृत्युदर लाखामागे ५०० आहे, म्हणजे एकूण १०००. क दरवर्षी ३ टक्क्यांनी घटतो आहे, ख दरवर्षी १ टक्क्याने वाढतो आहे, आणि हे गेली २० वर्षे असेच चालले आहे. उलटा हिशेब केला तर २० वर्षांपूर्वी क साधारण ९२० होता आणि ख साधारण ४१०. एकूण १३२९ च्या आसपास. म्हणजे एकूण दर या काळात वर्षाला सरासरी १.४ टक्क्यांनी उतरला. आता ३० वर्षे पुढे चला. क २०० वर येतो, ख ६७४ वर जातो, बेरीज ८७४. एकूण दराचा १.४ टक्क्यांचा उतार तसाच पुढे नेला तर उत्तर येते ६५२. डेटा तोच, गृहीत तेच, की मागचा कल पुढे चालू राहील. आणि उत्तरांत लाखामागे २२२ मृत्यूंचा फरक. शिवाय बेरजेच्या वाटेने गेलात तर साधारण २८व्या वर्षी एकूण मृत्युदर उतरायचा थांबतो आणि मग चढू लागतो, कारण तोवर क इतका लहान झालेला असतो की त्याची घट ख ची वाढ भरून काढू शकत नाही.

लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन विल्मॉथ यांनी १९९५ मध्ये ही गोष्ट गणिताने मांडून दाखवली. लॉगच्या (लॉगॅरिदमच्या) मापावर सरळ रेषेने, म्हणजे दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी, पुढे नेलेल्या कारणांची बेरीज केली की, सगळ्यात मंद घटणारे किंवा वाढणारे कारण शेवटी त्या बेरजेचा ताबा घेते. म्हणून कारणनिहाय अंदाज एकूण अंदाजापेक्षा निराशाजनक येतो. यात वैद्यकशास्त्राचा संबंध नाही. ज्यांनी ‘कारणे वेगळी पाहिल्यावर भविष्य वाईट दिसते’ असा निष्कर्ष काढला, त्यांनी अंकगणितालाच वैद्यकीय शोध समजून घेतले.

मग ६५२ बरोबर समजायचे का? कमी मृत्युदराच्या देशांचा इतिहास पाहिला तर एकूण दर विलक्षण सलगपणे उतरत आला आहे, पण त्या उतारामागचे कारण बदलत गेले आहे. आधी संसर्गजन्य रोगांनी तो उतार दिला. ती घट आटत आल्यावर हृदयविकाराने दिला. अमेरिकेत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा मृत्युदर १९६० च्या दशकात शिखरावर होता. १९६५ साली बसून कोणी कारणनिहाय अंदाज बांधला असता तर त्याने हे कारण चढतेच दाखवले असते. एड्सचे मृत्यू तिथे १९९५ पर्यंत चढत गेले आणि १९९६ पासून एकत्रित औषधोपचार सुरू होताच दोन-तीन वर्षांत कोसळले. वाढणाऱ्या कारणाला समाज आणि वैद्यक उत्तर देतात, आणि ते उत्तर मालिकेच्या मागच्या आकड्यांत दिसत नसते. एवढ्यासाठी दूरच्या पल्ल्यावर एकूण दराच्या सलगतेवर माझा भरवसा जास्त आहे. पण तो भरवसा आहे, सिद्धान्त नव्हे. अमेरिकेतच अमली औषधांच्या अतिसेवनाच्या मृत्यूंनी तरुण आणि मध्यम वयाचा एकूण उतार मोडला, आणि ते कारण वेगळे पाहणाऱ्याला आधी दिसले.

पद्धतींकडे वळण्याआधी डेटाबद्दल बोलायलाच हवे. पद्धती-पद्धतींत जेवढा फरक पडतो त्यापेक्षा मोठा घोळ इथे होतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

मृत्यूचे कारण म्हणजे प्रमाणपत्रावर डॉक्टरने लिहिलेली साखळी, आणि त्या साखळीतून नियमाने निवडलेले एक मूळ कारण. नियम बदलला की आजार तोच राहून कारण बदलते. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती अमेरिकेने १९९९ पासून मृत्यूंसाठी वापरली. त्यासाठी १९९६ सालचे मृत्यू नवव्या आणि दहाव्या अशा दोन्ही आवृत्त्यांनी कोड करून पाहिले गेले. फ्लू-न्यूमोनियाचे गुणोत्तर (दहाव्या आवृत्तीने मोजलेले मृत्यू भागिले नवव्या आवृत्तीने मोजलेले) आले सुमारे ०.७०, आणि अल्झायमरचे सुमारे १.५५. म्हणजे त्याच मृतांत, कोणीही जास्त किंवा कमी न मरता, न्यूमोनियाचे मृत्यू ३० टक्क्यांनी घटले आणि अल्झायमरचे ५५ टक्क्यांनी वाढले.

आता हे ली-कार्टरमध्ये घाला. रोनाल्ड ली आणि लॉरेन्स कार्टर यांच्या १९९२ च्या मॉडेलमध्ये प्रत्येक वयाच्या मृत्युदराचा लॉग हा त्या वयाची सरासरी पातळी, अधिक त्या वयाची संवेदनशीलता गुणिले काळाचा निर्देशांक, असा लिहिला जातो. काळाचा निर्देशांक ड्रिफ्ट असलेल्या रँडम वॉकने पुढे नेतात, म्हणजे दरवर्षी एक ठरावीक सरासरी सरक (ड्रिफ्ट) आणि तिच्यावर यदृच्छ चढउतार. या ड्रिफ्टचा अंदाज म्हणजे शेवटचा आकडा वजा पहिला आकडा, भागिले मधली अंतरे. मधले काहीही त्यात मोजले जात नाही. तुमची मालिका ३१ वर्षांची असेल आणि मध्ये कुठेही १.५५ पटींची उडी असेल, तर ती उडी ३० अंतरांवर वाटली जाते आणि दरवर्षी सुमारे दीड टक्क्याची खोटी वाढ तयार होते. पुढचा अंदाज ३० वर्षांचा असेल तर ती खोटी वाढ पुन्हा १.५५ पट करून देते. एकदा नियमावलीने वाढवले, दुसऱ्यांदा तुमच्या मॉडेलने.

आवृत्ती बदलल्याच्या वर्षीच अशी उडी येते असेही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये नववी आवृत्ती चालू असतानाच १९८४ मध्ये मूळ कारण निवडण्याच्या तिसऱ्या नियमाचा (न्यूमोनियासारखे कारण दुसऱ्या आजाराचा परिणाम असेल तर तो आजार मूळ धरावा, असे सांगणाऱ्या) अर्थ सैल केला गेला आणि १९९३ मध्ये तो पुन्हा पूर्ववत झाला. न्यूमोनियाची रेषा १९८४ ला एकदम खाली बसते आणि १९९३ ला एकदम वर येते. मधल्या नऊ वर्षांचा खड्डा हा कोडिंगचा आहे, फुप्फुसांचा नाही. ती आकडेवारी १९९२ पर्यंतच घेऊन अंदाज बांधणाऱ्याला न्यूमोनिया संपत आल्याचे दिसले असते.

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगतो. स्मृतिभ्रंशाच्या मृत्यूंचा अंदाज मी एका बैठकीत मांडला होता. रेषा सरळ वर गेलेली. मागच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. प्रमाणपत्रे कोड करण्यात त्यांची हयात गेली होती. आलेखातल्या एका वर्षावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “या वर्षी आम्हाला नवीन पुस्तक मिळालं.” बस, एवढेच. माझ्या अंदाजातली अर्ध्याहून जास्त चढण त्या एका वाक्यात गेली. तेव्हापासून कोणत्याही मॉडेलआधी मी प्रत्येक कारणाची वयोगटवार रेषा काढतो, नियम बदललेली वर्षे उभ्या रेषांनी खुणावतो आणि शक्य असेल तर कोड करणाऱ्यांशी बोलतो.

दुरुस्ती करताना एकच गुणक सगळ्या वयांना लावू नका. न्यूमोनियाची उडी ८५ च्या पुढे मोठी असते आणि तरुणांत जवळपास नसते, कारण ‘दुसऱ्या आजाराचा परिणाम म्हणून न्यूमोनिया’ हा प्रकार म्हाताऱ्यांतच जास्त. दुहेरी कोडिंगचा अभ्यास उपलब्ध असेल तर त्यातले वयोगटवार गुणक घ्या. नसेल तर मॉडेलमध्ये त्या वर्षापासून पुढे पातळी बदलणारे एक पद ठेवा आणि ते वयानुसार बदलू द्या. ‘हृदयक्रिया बंद पडणे’, ‘वार्धक्य’, ‘अज्ञात कारण’ अशा निरुपयोगी कोडमध्ये किती मृत्यू पडतात तेही दरवर्षी मोजा. तो वाटा घटत असेल तर बाकीची कारणे वाढल्यासारखी दिसतात, आणि ती वाढ प्रमाणपत्रे सुधारल्याची असते. एवढे झाले की मगच पद्धतींची तुलना अर्थपूर्ण होते.

प्रत्येक कारणाला स्वतंत्र ली-कार्टर लावणे ही तुमची पद्धत जवळच्या पल्ल्याला, म्हणजे पाच-सात वर्षांपर्यंत, वाईट नाही. लहान कारणांसाठी मूळ रूप टाळा. १० ते १४ वयात एखाद्या कारणाने वर्षभरात एकही मृत्यू नसतो आणि शून्याचा लॉग घेता येत नाही. २००२ मध्ये ब्रूहन्स, डन्युई आणि व्हर्मंट यांनी मांडलेले पॉइसनचे रूप मृत्यूंची संख्याच थेट वापरते, त्यामुळे ती अडचण येत नाही. दूरच्या पल्ल्याला मात्र वरचा २२२ चा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो.

दुसरी वाट संरचनात्मक डेटाची. जॉन एचिसन यांनी १९८० च्या दशकात मांडलेली कल्पना अशी की, वाटे नेहमी एकमेकांशी बांधलेले असतात. एक वाढला की बाकीच्यांना घटावेच लागते. म्हणून वाट्यांऐवजी वाट्यांच्या गुणोत्तरांचे लॉग घेऊन काम करावे. जिम ओपेन यांनी २००८ मध्ये ही कल्पना आयुःसारणीतल्या (एका काल्पनिक पिढीतले किती जण कोणत्या वयात मरतात ते दाखवणाऱ्या तक्त्यातल्या) कारणनिहाय मृत्यूंना लावली. आयुःसारणीत एकूण मृत्यू ठरलेलेच असतात, सगळे केव्हा तरी मरतात, त्यामुळे मृत्यू एका वयातून दुसऱ्या वयात आणि एका कारणातून दुसऱ्या कारणात सरकतात, एवढेच. बेरीज आपोआप जुळते. ही पद्धत मला आवडते, पण तिची कात्री कुठे लागते ते पाहा. आपल्या उदाहरणात, सोपे करून, एकूण ६५२ धरला आणि क-ख चे गुणोत्तर मागच्यासारखेच सरकू दिले, तर ३० वर्षांनी क चा वाटा २३ टक्के होतो आणि ख चा ७७ टक्के. म्हणजे क येतो १५० वर आणि ख येतो ५०३ वर. जो ख गेली २० वर्षे दरवर्षी १ टक्क्याने वाढत होता तो पुढची ३० वर्षे जागेवर थांबला, आणि जो क २०० वर येणार होता तो आणखी खाली गेला. हे कोणी मुद्दाम ठरवले नाही. एकूण बेरीज बांधून ठेवली त्याचा हा परिणाम. ख हे फुप्फुसाच्या कर्करोगासारखे, धूम्रपान ओसरल्यावर थांबणारे कारण असेल तर हे पटण्यासारखे आहे. ख हा स्मृतिभ्रंश असेल तर मी स्वीकारण्याआधी दोनदा विचार करीन. शून्यांची अडचण इथेही आहेच. शून्याच्या जागी कोणता लहान आकडा घातला यावर उत्तर हलते, म्हणून फार बारीक गट करू नयेत.

तिसरी वाट मेळ बसवण्याची, आणि तुमच्या प्रश्नाला ती सगळ्यात जवळची आहे. श्रेणीबद्ध मालिकांसाठी रॉब हाइंडमन आणि सहकाऱ्यांनी ती विकसित केली. २०१९ मध्ये मृत्यूच्या कारणांनाही ती लावली गेली. यात एकूणाचा अंदाज वेगळा काढायचा, प्रत्येक कारणाचा वेगळा काढायचा, बेरीज जुळत नाही हे मान्य करायचे, आणि मग ज्याची चूक मोठी असण्याची शक्यता जास्त, त्याला जास्त हलवायचे. समजा मागच्या चाचण्यांवरून या पल्ल्याला एकूणाच्या अंदाजाची प्रमाण-चूक ४०, क ची ३० आणि ख ची ८० असे दिसले. चुकांत परस्परसंबंध नाही असे धरून वर्ग घ्या: १६००, ९०० आणि ६४००, बेरीज ८९००. तफावत २२२ ची. ती या वर्गांच्या प्रमाणात वाटली तर एकूण ४० ने वर जातो, क सुमारे २२ ने खाली येतो आणि ख १६० ने खाली येतो. उत्तर: एकूण ६९२, क १७८, ख ५१४. आता बेरीज जुळते, आणि कात्री कुठे किती लागली ते कागदावर लिहून ठेवता येते. प्रत्यक्षात चुकांचा परस्परसंबंध असतो, म्हणून पूर्ण सहप्रचरण सारणी (कोणत्या दोन मालिकांच्या चुका किती एकत्र हलतात याचा तक्ता) लागते, आणि सहा कारणे गुणिले अठरा वयोगट एवढ्या मालिकांची सारणी ४० वर्षांच्या डेटावरून नीट काढता येत नाही. तिला कर्णाकडे आकसून घ्यावे लागते, म्हणजे मालिकांमधले परस्परसंबंध शून्याकडे ओढावे लागतात. हा तांत्रिक तपशील टाळू नका, कारण आकसले नाही तर एखादे लहान कारण चक्क ऋण होऊन बसते.

कारणांच्या एकमेकांशी असलेल्या संबंधांचे मॉडेल करणारी वाटही आहे. सेव्हरिन आर्नोल्ड आणि मायकेल शेरिस यांनी २०१३ मध्ये सहसंकलित मालिकांची मॉडेल वापरली: कारणांच्या लॉग-दरांत दीर्घकालीन समतोल असतो आणि एखादी मालिका भरकटली की ती परत ओढली जाते. कल्पना सुंदर आहे. पण पाच-सहा मालिका आणि ४०-५० वर्षे एवढ्यात अंदाजावी लागणारी पदे फार होतात, आणि कोडिंगची अदलाबदल हुबेहूब दीर्घकालीन समतोलासारखी दिसते. न्यूमोनियातून निघालेले मृत्यू स्मृतिभ्रंशात गेले तर मॉडेलला ते दोन आजारांचे नाते वाटते. डेटा अगदी स्वच्छ असल्याशिवाय मी हिच्या वाटेला जात नाही.

वय-काळ-पिढी मॉडेलचे (वय, मृत्यूचे वर्ष आणि जन्माची पिढी या तिन्हींचा परिणाम धरणाऱ्या) तसे नाही. ठरावीक कारणांसाठी, विशेषतः धूम्रपानाशी जोडलेल्या कर्करोगांसाठी, ते मी आग्रहाने वापरतो. फुप्फुसाचा कर्करोग माणूस कोणत्या पिढीत जन्मला आणि त्या पिढीने किती धूम्रपान केले यावर चालतो. अमेरिकेत पुरुषांतला त्याचा मृत्युदर १९९० च्या सुमारास शिखरावर पोचून उतरू लागला, स्त्रियांचा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. ली-कार्टरला पिढी दिसत नाही. त्याला १९८८ साली पुरुषांची रेषा चढतीच दिसली असती. तरुण पिढ्यांत मात्र घट तेव्हाच सुरू झाली होती, आणि ती घट वर्षागणिक वरच्या वयांत सरकणार हे उघड होते. जन्मवर्ष म्हणजे काळ वजा वय, त्यामुळे सरळ कल काळाचा किती आणि पिढीचा किती हे वेगळे करता येत नाही. पण दोघांचा मिळून एक ड्रिफ्ट ठरवता येतो, आणि अंदाजाला तेवढे पुरते. नॉर्डिक देशांच्या कर्करोग नोंदणीतून आलेली नॉर्डप्रेड पद्धत दोन शहाणपणाच्या गोष्टी करते. दराचा लॉग घेण्याऐवजी त्याचे पाचवे मूळ घेऊन कल बसवते, म्हणजे वाढ घातांकी होत नाही. आणि ड्रिफ्टला टप्प्याटप्प्याने २५, ५० आणि ७५ टक्के कात्री लावते. ही कात्री सिद्धान्तातून आलेली नाही, मागच्या अंदाजांच्या चुका पाहून ठरवली गेली. मला त्यात कमीपणा वाटत नाही. कल कायम टिकत नाहीत हे अनुभवाने कळले असेल तर ते मॉडेलमध्ये उघडपणे लिहिणेच प्रामाणिक.

धूम्रपान, उत्पन्न, शिक्षण असे घटक घेऊन जाणाऱ्या पद्धतींबद्दल थोडक्यात. कॉलिन मॅथर्स आणि देयान लोंचार यांनी २००६ मध्ये २०३० पर्यंतचे जागतिक अंदाज असे बांधले. २०१८ मध्ये १९५ देश आणि प्रदेशांसाठी २५० कारणांचे २०४० पर्यंतचे अंदाज प्रसिद्ध झाले. त्यात तर पर्यायी परिस्थितीही होत्या. ‘धूम्रपान अमुक टक्क्यांनी घटले तर काय’ असे विचारायचे असेल तर हीच वाट. पण घटकांचाही अंदाज लागतो आणि त्याची अनिश्चितता अंतिम पट्ट्यात (अंदाजाच्या वरच्या आणि खालच्या मर्यादांत) मिसळावी लागते. धूम्रपानाचा अपवाद एवढ्यासाठी की त्याचा परिणाम दोन-तीन दशके उशिरा येतो; पुढच्या २० वर्षांच्या मृत्यूंचे धूम्रपान आधीच होऊन गेले आहे, त्याचा अंदाज करायचा नाही, मोजायचे आहे.

स्पर्धी जोखमींबद्दल एक गोष्ट नेहमी चुकते, म्हणून लिहितो. एका कारणाने मेलेला माणूस दुसऱ्याने मरू शकत नाही. देवीचा रोग नाहीसा झाला तर आयुर्मान किती वाढेल हे गणितज्ञ डॅनियल बर्नुली यांनी १७६० मध्ये मोजले, ते कारणे स्वतंत्र आहेत असे धरून. १९७५ मध्ये संख्याशास्त्रज्ञ त्सिआटिस यांनी दाखवले की मृत्यूचे वय आणि कारण एवढीच नोंद असेल तर कारणे स्वतंत्र आहेत की परस्परावलंबी हे त्या नोंदीवरून ठरवताच येत नाही. त्यामुळे कॉप्युला (कारणांमधले अवलंबित्व सूत्रात मांडणारे गणिती साधन) लावून ‘कारणांतले अवलंबित्व मोजले’ असे कोणी म्हणाले तर ते मोजलेले नसते, गृहीत धरलेले असते. वेगवेगळी गृहीते धरून उत्तर किती हलते ते दाखवा, हे चालेल. रक्ताभिसरणाचे मृत्यू घटले की वाचलेली नाजूक माणसे थोड्या वर्षांनी दुसऱ्या कारणाने जातात, हे ८० च्या पुढच्या वयात विशेष लक्षात ठेवा. त्या वयात प्रमाणपत्रावर तीन-चार आजार असतात आणि मूळ कारण म्हणून त्यातला एक निवडावा लागतो म्हणून निवडलेला असतो. ८५ च्या वर मी कारणांचे गट मुद्दाम मोठे करतो.

पद्धती एकमेकींशी ताडून कशा पाहायच्या? मालिका १९९५, २०००, २००५, २०१० अशी कापत जा, दर वेळी पुढचा अंदाज काढा आणि प्रत्यक्षाशी ताडा. चूक फक्त एकूणावर मोजू नका. हृदयविकार जास्त धरला आणि कर्करोग कमी धरला तर एकूण छान जुळतो आणि दोन्ही विभागांचे नियोजन चुकते. लॉग-दरावरची चूक लहान कारणांना अवाजवी वजन देते, म्हणून मृत्यूंच्या संख्येवरची चूकही शेजारी ठेवा. पट्ट्यांची परीक्षा वेगळी घ्या: ८० टक्क्यांचा पट्टा म्हणत असाल तर प्रत्यक्ष आकडे साधारण ८० टक्के वेळा आत पडले पाहिजेत. कारणे स्वतंत्र धरून बेरीज केली की एकूणाचा पट्टा बहुधा अरुंद येतो, कारण कडक हिवाळ्यात किंवा फ्लूच्या लाटेत श्वसनाचे आणि हृदयाचे मृत्यू एकदमच वाढतात. आणि ४० वर्षांच्या डेटावर ३० वर्षांच्या पल्ल्याची चाचणी घेताच येत नाही. शिकायला १० वर्षे उरतात आणि ताडून पाहायला एकच संधी. १० आणि १५ वर्षांपर्यंत चाचणी घ्या, पुढचे गृहीतकावर आहे असे अहवालात स्पष्ट लिहा.

तुमच्या सहा गटांसाठी मी असे करीन. कोडिंगच्या उड्या वयोगटवार दुरुस्त करीन. एकूण दराचा अंदाज वेगळा काढीन. कर्करोगाच्या गटातून फुप्फुसाचा कर्करोग बाहेर काढून त्याला वय-काळ-पिढी मॉडेल लावीन. तो आत ठेवला तर बाकीच्या कर्करोगांचा कलही बिघडवतो. बाकी कारणांना पॉइसनचे ली-कार्टर, पण दहा वर्षांनंतर ड्रिफ्ट हळूहळू कमी करत. मग मेळ बसवीन, आणि कोणते कारण किती हलवावे लागले याचा तक्ता अंदाजाच्या तक्त्याशेजारीच छापीन. निधीचे काम असेल तर त्या कामाला एकूण दराचा अंदाजच पुरतो. खाटांचे नियोजन असेल तर तो हलवल्याचा तक्ता वाचणाऱ्याला हवाच.

राहिली २०२० आणि २०२१. ही वर्षे मालिकेच्या शेवटी आली तर ड्रिफ्ट त्यांच्यावरच टेकतो आणि सगळे उतार पुसले जातात. कोविडला स्वतःचा कोड आहे, तेव्हा तेवढे मृत्यू वजा करून बाकीचे जसेच्या तसे वापरावे असे वाटेल. तसे करू नका. उपचार लांबल्यामुळे इतर कारणांचे मृत्यू कुठे वाढले, आणि फ्लू पसरला नाही म्हणून श्वसनाचे कुठे घटले. शिवाय सुरुवातीच्या महिन्यांत चाचणीअभावी बरेच मृत्यू न्यूमोनियात नोंदले गेले. मी ही दोन वर्षे सगळ्याच कारणांसाठी गहाळ धरतो, नंतरची वर्षे घेतो, आणि शेवटच्या एका आकड्याऐवजी शेवटच्या तीन वर्षांच्या सरासरीपासून अंदाज सुरू करतो. हा बदल करून तुमचे दोन्ही अंदाज आधी पुन्हा काढा. तफावतीचा किती भाग उरतो ते पाहूनच मेळ बसवायला घ्या.